देठ खाली धरायचा

सोल्वेगचा फोन आला तेव्हा एव्हर्ट ओट्यापाशी उभा राहून रुबार्बचे आंबट देठ चिरत होता.

"पत्रिका छापून आली," ती म्हणाली. "जूनमधल्या रानफुलांच्या रविवारी आपल्या गावची फेरी तू नेणार आहेस."

"मी? अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"माझं आहे. नाव माइकेनने दिलंय. डिसेंबरच्या सभेला तिला येता आलं नाही, तेव्हा फोनवर सांगितलं होतं तिने."

"आणि मला आज सांगतेस?"

"मे महिन्याआधी सांगू नकोस म्हणाली होती. नाहीतर पळवाट शोधेल, म्हणाली."

एव्हर्टने सुरी खाली ठेवली. त्याची बायको माइकेन फेब्रुवारीत वारली होती. पण तिचं काम सांगणं अजून थांबलेलं नव्हतं.

"सोल्वेग, मला फुलातलं काही कळत नाही. जन्मभर दुधाची गाडी चालवली मी. दरवर्षी फेरीला मी काय करायचो तर कॉफीचा थर्मास उचलायचो."

"फुलातलं नाही कळत. पानातलं कळतं. आणि मंडळात दुसरं कोणी मोकळं नाही, तेव्हा आता नाही म्हणू नकोस." तिने फोन ठेवला. सोल्वेग गावातल्या वनस्पती मंडळाची चिटणीस होती आणि माइकेनची शाळेपासूनची मैत्रीण. दोघींची फोन ठेवायची पद्धतसुद्धा एकच होती.

पानातलं त्याला कळत होतं, हे खरं होतं. पण ते काही त्याने हौसेने शिकलेलं नव्हतं.

माइकेन शाळेत निसर्गविज्ञान शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिचे डोळे गेले. एकदम नाही गेले. आधी नजरेचा मधला भाग गेला. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं आणि कडेकडेचं तेवढं दिसत राहायचं. वाचणं सुटलं, ते तिने सोसलं. झाडंझुडपं ओळखणं सुटलं, ते मात्र तिला सोसवेना. एक दिवस तिने त्याच्या हातात एक पान दिलं आणि म्हणाली, "सांग."

"हिरवं आहे," एव्हर्ट म्हणाला.

"पुढे?"

"लांबट आहे."

"लांबट तर तुझी गाडीसुद्धा होती, एव्हर्ट."

मग शिकवणी सुरू झाली. पहिला नियम म्हणजे देठ खाली धरायचा. आधी देठ खाली, मगच तोंड उघडायचं. त्यानंतर बघायचं, पान सगळ्यात रुंद कुठे आहे. देठाकडे रुंद असेल तर अंड्यासारखं. टोकाकडे रुंद असेल तर उलट्या अंड्यासारखं. अरुंद आणि दोन्हीकडे निमुळतं असेल तर भाल्याच्या पात्यासारखं. बुडाशी खाच असेल तर काळजाचा आकार, आणि काळजापेक्षा बसकं असेल तर मूत्रपिंडाचा. बाणासारखं, चमच्यासारखं, पंख्यासारखं. मग कडा बघायची, ती सरळ आहे, करवती आहे की लाटांची आहे. मग शिरा, मग लव. एवढं सगळं सांगून झालं की माइकेन क्षणभर गप्प बसायची आणि नाव सांगायची. नाव बरोबर निघालं की एव्हर्टला लॉटरी लागल्यासारखं वाटायचं.

स्वयंपाकघरातल्या बाकावर दोघं खांद्याला खांदा लावून बसायची. तिला डाव्या कोपऱ्यातून थोडं दिसायचं, म्हणून तो कायम तिच्या डावीकडे बसायचा.

ज्या रस्त्यांवरून त्याने सगळी उमर गाडी हाकली, त्यांच्या कडेला त्याला तोवर नुसतं हिरवं दिसत आलं होतं. आता त्या हिरव्यातली एकेक वस्तू सुटी होऊ लागली. तिचे डोळे गेले आणि त्याला दिसायला लागलं, हे त्याच्या बरेचदा मनात यायचं आणि ते कोणाजवळ बोलायची त्याला लाज वाटायची.

पण फेरी त्याला नको होती ती लोकांसमोर बोलावं लागणार म्हणून नव्हे. फेरी दरवर्षी गोस्ताच्या टेकडीवर जायची. आणि टेकडीवर एव्हर्टला जायचं नव्हतं.

गेल्या सप्टेंबरात माइकेनला टेकडी बघायची होती. बघायची म्हणजे तिथे असायचं होतं. आजाराने ती फार थकली होती. टेकडीचा मालक गोस्ता याने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत स्वयंपाकघरातली खुर्ची दोरीने बांधली, तिच्यावर माइकेनला बसवलं आणि बैलाच्या चालीने वर नेलं. वर गेल्यावर खुर्ची गवतात ठेवली. एव्हर्ट इकडेतिकडे हिंडला. गवतात त्याला जमिनीला ताटासारखा चिकटलेला पानांचा एक गोल दिसला. त्याने एक पान तोडून आणलं, तिच्यासमोर गुडघे टेकले आणि ते तिच्या तळहातावर ठेवलं. औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती. त्यामुळे पान बोटांनी चाचपून बघणं तिचं केव्हाच बंद झालं होतं. सगळं त्याच्या सांगण्यावर होतं.

"देठ जवळजवळ नाहीच," त्याने सांगितलं. "उलट्या अंड्यासारखं. टोकाकडे रुंद. कडा सरळ. दोन्हीकडून लवदार. शिरा लांब, बुडापासून टोकापर्यंत, एकमेकींच्या बाजूबाजूने."

माइकेन गप्प बसली. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"परत सांग," ती म्हणाली.

त्याने परत सांगितलं.

"कापणीचा म्हातारा," ती म्हणाली.

एव्हर्टच्या अंगावर काटा आला. दुकानात या झाडाला आर्निका म्हणतात आणि मुक्या मारावर चोळायला बाटलीत भरून विकतात. पण गावात त्याचं नाव कापणीचा म्हातारा. माइकेनच्या लहानपणी टेकडी जुलैत त्याच्या फुलांनी पिवळी व्हायची आणि त्याचं बी सांडेपर्यंत माणसं विळे हातात घ्यायची नाहीत. मग घोडे गेले, विळे गेले, गवत कोणी कापेना आणि म्हाताराही गेला. ती दर उन्हाळ्यात त्याला शोधायची. तिला तो कधी मिळाला नव्हता.

"जूनच्या मध्यावर बघ, तोवर दांडा वर आलेला असेल," ती म्हणाली. "तोपर्यंत कोणाला सांगू नकोस." आणि ट्रॉलीतून खाली येईपर्यंत ती हसत होती. पुढे दवाखान्यात, बाहेर बर्फ पडायला लागल्यावर, ती कधीकधी विचारायची, "आपलं झाड बर्फाखाली नीट असेल ना रे?" तो म्हणायचा, असेल.

ती गेल्यावर एका सकाळी बूट घालताना त्याच्या मनात आलं: पान मी नीट बघितलं होतं का? तेव्हापासून ही शंका घरातून हलेना. आपण चुकलो असलो तर तिचा शेवटचा आनंद आपण तिला खोटा दिला. टेकडीवर गेलं असतं तर कळलं असतं. म्हणूनच तो जात नव्हता.

रविवारी सकाळी दुधाच्या कट्ट्यापाशी दहा-बारा माणसं जमली. शेतकरी आता त्या कट्ट्यावर दुधाचे कॅन ठेवत नाहीत, पण गावातल्या सगळ्या भेटी अजून तिथेच ठरतात. चर्चमध्ये गाणाऱ्या दोघी बहिणी होत्या, गोथेनबर्ग शहरातून आलेले कोऱ्या बुटांचे एक गृहस्थ होते, सोल्वेग होती, आणि कट्ट्यावर पाय हलवत बसलेला गोस्ता होता.

"या, दूधवाले," गोस्ता म्हणाला. "आज काय, फुलांची धार काढणार?"

"तू गप्प बस. तुझ्या दुधात पाणी असायचं, ते सांगू का सगळ्यांना?"

लोक हसले. एव्हर्टने टोपी काढली आणि परत घातली.

"हे बघा," तो म्हणाला, "मी जाणकार नाही. जाणकार माझी बायको होती. ती नाही. मला नावं येत नाहीत. मला फक्त पानं सांगता येतात, आणि तीसुद्धा ज्याला दिसत नाही त्यालाच. त्यामुळे तुम्हाला डोळे मिटावे लागतील."

"चालताना?" कोऱ्या बुटांचे गृहस्थ म्हणाले.

"चालताना नको. उभं राहिल्यावर."

पहिल्या कुंपणापाशी त्याने एक पान तोडलं, देठ खाली धरला आणि सगळ्यांना डोळे मिटायला लावले. "देठ लांब. पान भाल्यासारखं, पण बुडाला दोन टोकं मागे वळलेली. म्हणजे बाण. कडा सरळ. लव नाही. चावलं तर आंबट."

"रानचुका!" दोघी बहिणी एकदम ओरडल्या.

"मला काय माहीत," एव्हर्ट म्हणाला. "असेल."

मग रंगत आली. मूत्रपिंडाच्या आकाराचं, घडी मोडलेल्या पंख्यासारखं, कडेला दातांची झालर आणि मधल्या खळग्यात दवाचा थेंब, असं त्याने सांगितलं आणि कोऱ्या बुटांच्या गृहस्थांनी डोळे मिटूनच "दवाचा झगा!" म्हणून हात वर केला. वर्गात पहिला नंबर आल्यासारखे ते लाल झाले. एका पानाला कोणालाच नाव सुचेना. एव्हर्टने तीनदा सांगितलं. शेवटी गोस्ताने एक डोळा किलकिला केला.

"अरे, बटाटा आहे तो! माझ्या शेतात हात घालतोस काय?"

एव्हर्टही हसला. बऱ्याच महिन्यांनी, आणि आपण हसलो हे त्याला मागाहून कळलं. माइकेन या फेऱ्या का काढायची, हेही त्याला तिथे, बटाट्याच्या पानाशी, पहिल्यांदा नीट कळलं. थर्मास उचलताना ते कळलं नव्हतं.

मग टेकडीचं फाटक आलं.

"तुम्ही इथे कॉफी घ्या," तो म्हणाला. "मी वर एक गोष्ट बघून येतो."

"आम्ही पण येतो की," एक बहीण म्हणाली.

"त्याला जाऊ दे," सोल्वेग म्हणाली. पण थोडं अंतर ठेवून ती स्वतः मागून निघाली, आणि गोस्ताला कोणी थांबवूच शकत नव्हतं, ती त्याचीच टेकडी होती.

जागा शोधावी लागली नाही. खुर्चीचे पाय रुतले होते तिथे अजून गवत वेगळं होतं. त्याच्या पुढे दोन हातांवर ते ताट तसंच जमिनीला चिकटून होतं. मधून दांडे वर आले होते. पिवळं काही नव्हतं. दांड्यांच्या टोकांना बोटभर लांबीची, फिकट जांभळी, लुसलुशीत कणसं होती.

एव्हर्ट बघत राहिला.

"हात्तिच्या," मागून गोस्ता म्हणाला. "तांबडे पैलवान! हे बघायला वर आलास होय? खाली रस्त्याला ढिगाने आहेत." त्याने वाकून दोन दांडे तोडले. गावातली सगळी पोरं या दांड्यांची कुस्ती लावतात. एकाने आपला दांडा धरायचा, दुसऱ्याने आपल्या दांड्याने त्याच्यावर हाणायचं, आणि ज्याचं कणीस तुटेल तो हरला. "घे. लहानपणी तू एकदाही जिंकला नाहीस."

एव्हर्टने दांडा घेतला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने एक पान तोडलं. देठ खाली धरला. पान देठाकडे रुंद होतं. टोकाकडे निमुळतं. सरळ, साधं अंडं. पहिल्या दिवशी शिकवतात ते.

मग त्याला त्याचे स्वतःचे हात आठवले. त्या दिवशी त्याने पान तिच्या तळहातावर तिच्या बाजूने सरळ ठेवलं होतं, देठ तिच्याकडे, जशी बशी पाहुण्यासमोर नीट वळवून ठेवतात तशी. आणि स्वतः समोर गुडघे टेकून बसला होता. तिथून त्याला जे दिसलं ते त्याने सांगितलं. पान तिच्या बाजूचं, सांगणं त्याच्या बाजूचं.

"मी उलटं सांगितलं," तो म्हणाला. "सोल्वेग, मी तिला उलटं सांगितलं. तिला वाटलं कापणीचा म्हातारा मिळाला. ते धरून ती गेली. आणि हे सगळं..." त्याने पान हलवलं.

गोस्ताने हातातले दांडे हळूच पाठीमागे नेले.

सोल्वेग जवळ आली. "तिला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सगळं. त्याच संध्याकाळी फोन केला होता तिने मला. म्हणाली, 'सोल्वेग, आज एव्हर्टने मला पैलवानाचा म्हातारा करून दिला.' आणि जी हसत सुटली! हसता हसता खोकला लागला. मी म्हटलं, अगं पण तुला कसं कळलं, तुझ्या बोटांना तर काही कळत नाही. तर म्हणाली, 'आवाज समोरून आला ना. कायम डावीकडून येतो. आज समोरून आला. म्हणजे पान माझ्याकडे सरळ आणि त्याच्याकडे उलटं. म्हणजे अंडं सरळ. लव, लांब शिरा, जमिनीला चिकटलेलं, मग दुसरं काय असणार?'"

एव्हर्टने हातातलं पान उलटं धरून बघितलं.

"मग मला का नाही सांगितलं तिने?"

"हेच मी विचारलं. म्हणाली, 'त्याचा आवाज ऐकायला हवा होतास तू. माझ्यासाठी एवढा खूश होता तो. तो आनंद मी कशाला मोडू?'" सोल्वेगने नाक पुसलं. "आणि म्हणाली, 'मी गेल्यावर तो घरात बसून राहील. जूनमध्ये त्याला टेकडीवर जायला काहीतरी निमित्त पाहिजे. चूक त्याची त्यालाच सापडू दे. मग सांग.' मग डिसेंबरात नाव दिलं. मला वाटलं होतं तू एकटाच येऊन बघून जाशील. तू येईनास, तेव्हा मीच घाबरले."

वाऱ्याने कणसं हलली. एव्हर्टला गोड वास आला, व्हॅनिलाच्या साखरेसारखा, अगदी बारीक. सप्टेंबरात हा वास नव्हता. ढिगाने असलेल्या या फुलांना वास असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"त्या सबंध शरदात मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं," सोल्वेग म्हणाली. "त्यानंतरही नाही. तेवढं तूच दिलंस तिला. खोटं काय होतं त्यात?"

दवाखान्यातल्या खिडकीबाहेरचा बर्फ एव्हर्टच्या डोळ्यांपुढे आला. आपलं झाड बर्फाखाली नीट असेल ना रे. तिला तेव्हा ठाऊक होतं की ते कुठलं झाड आहे. तरी ती विचारत होती, आणि तो असेल म्हणत होता, आणि ते नीट होतंही. पाच दांडे धरून वर आलं होतं.

कित्येक महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठलं आणि निघून गेलं. डोळे वाहत होते, ते त्याने पुसले नाहीत. तो मनात तिचे आभार मानत होता, आणि कशाकशाचे मानायचे ते त्याला एका वेळी धरता येईना. पानांबद्दल. हसण्याबद्दल. न सांगण्याबद्दल. या रविवाराबद्दल.

"आण इकडे," तो गोस्ताला म्हणाला.

गोस्ताने पाठीमागचा एक दांडा त्याला दिला. एव्हर्टने दांडा धरला. गोस्ताने हाणला, आणि कणीस तुटलं ते गोस्ताचंच.

"वाऱ्याने तुटलं ते," गोस्ता म्हणाला.

"तुझ्या दुधातही वाऱ्यानेच पाणी पडायचं."

खालून माणसं वर यायला लागली होती. एका बहिणीच्या हातात एव्हर्टने करून आणलेली रुबार्बची वडी होती, कोऱ्या बुटांच्या गृहस्थांनी थर्मास उचलला होता. वर काय सापडलं, असं ते लांबूनच विचारत होते.

"सांगतो, सांगतो," एव्हर्ट म्हणाला. तो गवतात नीट मांडी घालून बसला आणि त्याने हातातलं पान सोल्वेगला दिलं. "पण आधी तू सांग. मी डोळे मिटतो. मला एकदा ऐकायचंय, ऐकणाऱ्याला कसं वाटतं ते."

सोल्वेग त्याच्यासमोर गुडघे टेकायला लागली.

"समोर नको," डोळे मिटूनच तो म्हणाला. "इथे बस, डावीकडे."

ती त्याच्या डावीकडे, खांद्याला खांदा लावून बसली. तिने पान हातात फिरवून घेतल्याचं त्याला जाणवलं.

"देठ खाली धरलास?"

"धरला रे बाबा."

"मग सांग."